एका खुर्चीवर दोघी

६ फेब्रुवारी

वहिनी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच दादाच्या हातात दिलं असशील, तर दादा, हे तिला परत दे आणि मध्ये लुडबुड करू नकोस.

तुझ्या फोनवर माझा नंबर लागत नाही. ते ठीक आहे, तुझ्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. मेल न वाचता पुसता येते. कागद मात्र फेकायचा झाला तरी आधी हातात घ्यावा लागतो, म्हणून जवळजवळ पाच वर्षांनी तुला लिहायला पेन शोधलं. दोन पेनं वाळलेली निघाली, तिसऱ्याने लिहिते आहे.

सरळ कामाचं बोलते. कंपनीने नवी योजना आणली आहे. एक जागा दोघांनी मिळून चालवायची. दिवस अर्धा-अर्धा, पगार अर्धा-अर्धा, पण हुद्दा दोघांचाही पूर्ण आणि बढतीच्या यादीत नावंही दोघांची. नोकरी सोडून गेलेल्यांनाही घेणार आहेत, फक्त राजीनाम्याला पाच वर्षं व्हायच्या आत. तुझी पाच वर्षं ३१ मार्चला भरतात. अर्जाची शेवटची तारीख २८ फेब्रुवारी, आणि अर्जावर दोघांच्या सह्या एकत्र लागतात.

आपल्या विभागातली वरिष्ठ परीक्षकाची जागा या योजनेत बसते. तू अर्ज करावास असं मला वाटतं. जोडीदाराची काळजी नको, ते मी बघते.

तुझ्यासारखं प्रस्ताव वाचणारं आता इथे कोणी नाही. हे तुला खूश करायला लिहीत नाही, माझी कुरकुर म्हणून लिहिते. नवी मंडळी हुशार आहेत, पण विमा मागणाऱ्याने अर्जातले सगळे रकाने भरले की त्यांना वाटतं, माणूस वाचून झाला. तुला तो 'कार्यालयीन पर्यवेक्षक' आठवतो? वय चोख, वजन चोख, रक्तदाब चोख. आम्ही सगळे सही करून मोकळे झालो होतो. तू तेवढी अडून बसलीस, की पस्तिशीच्या माणसाचं दोन्ही कानांनी ऐकणं एकदम इतकं कसं उतरलं? चौकशी केली तर गडी खाणीत सुरुंग लावत होता. परवा तसाच एक प्रस्ताव आला. तिघांनी वाचला, आणि तिघांनीही कानांचा अहवाल न उघडताच पुढे सरकवला. मला तुझी फार आठवण झाली, आणि मग स्वतःचाच राग आला.

विचार कर. भुंगीला माझा पापा दे, म्हणजे तुला द्यावासा वाटला तर. दिवसभर गुणगुणत असते म्हणून तिचं हे नाव पडलं, असं दादाकडून कळलं. मी शेवटची पाहिली तेव्हा तिला नुसतं रडता येत होतं.

तुझी,
(खाली काय लिहावं कळेना. घरी तू मला वन्सं म्हणायचीस, ऑफिसात मॅडम आणि चिडलीस की नुसतंच 'अहो'. यातलं हवं ते घे.)

१३ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं उत्तर मिळालं. अख्ख्या कागदावर एक ओळ: 'जोडीदार कोण, हे का लिहिलं नाही?'

बरोबर रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलंस. पाच वर्षं घरी बसून तुझी नजर जराही बोथट झालेली नाही, आणि मी किती कच्चा अर्ज लिहिते तेही कळलं.

जोडीदार मी आहे.

मागचं पत्र मी अशा थाटात लिहिलं जसं काही तुझ्यावर उपकार करायला निघाले आहे. तसं नाही. गरज माझी आहे. डोळ्याच्या ऑपरेशनचं तुला माहीत असणारच. तेव्हा तीन आठवडे दादा रोज डबा आणायचा आणि खानावळीतून आणला म्हणून सांगायचा. मी काही बोलले नाही, पण कोणत्याही खानावळीत इतकं कमी मीठ घालत नाहीत.

त्यामागची हकीकत मात्र तुला माहीत नसेल. ऑक्टोबरात उजव्या डोळ्याच्या कडेला काळी सावली दिसायला लागली. शहाण्या बाईने त्याच दिवशी डॉक्टर गाठला असता. मी आधी तिमाहीच्या फायली संपवल्या आणि तिसऱ्या दिवशी गेले. डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. तो चिकटवला, पंधरा दिवस मला पालथं झोपवलं आणि वर डॉक्टरीणबाईंनी तासभर झापलं. आता निकाल असा, की स्क्रीनसमोर दिवसाला चार-साडेचार तास, तेही सकाळचे. दुपारनंतर अक्षरं पोहायला लागतात. मेल न लिहिता कागद का काढला, याचं खरं कारण हे आहे. वाळलेल्या पेनांचं मात्र खरं होतं.

आमचे नवे साहेब फार गोड बोलतात. म्हणाले, मॅडम, बावीस वर्षं झाली, आता आराम करा. इतक्या गोडीने कोणी आराम करायला सांगितला की समजावं, आपल्या खुर्चीचं माप घेऊन झालेलं आहे. मी या योजनेत शिरले तर राहीन, नाहीतर लवकर निवृत्ती. चव्वेचाळिसाव्या वर्षी निवृत्त होऊन मी काय करू, सांग. मला दुसरं काही येतच नाही.

मी एचआरच्या बाईंना विचारून घेतलं. नात्यातल्या दोघी चालतील, कारण कोणीच कोणाच्या वर नसणार. एकीने वाचलेल्या प्रस्तावावर दुसरी सही मात्र तिसऱ्याच माणसाची लागेल. साडेआठ ते एक माझे, एक ते साडेपाच तुझे. सकाळ मला हवी ती डोळ्यापायी, त्यात माझी मखलाशी नाही.

सध्या महिनाभर मला तात्पुरती परवानगी आहे, एकला घरी जायची. पहिल्या दिवशी काय केलं असेन? खुर्चीच्या पाठीवर स्वेटर टाकून गेले, म्हणजे बाई इथेच कुठेतरी आहे असं वाटावं. कोणी हटकलं नव्हतं. दारातल्या पहारेकऱ्याने नुसतं घड्याळाकडे पाहिलं, तर मी त्याला न विचारता सांगितलं की डॉक्टरांकडे चालले आहे. खोटं. घरी चालले होते. साडेचार तासांत त्या दिवशी मी अकरा प्रस्ताव वाचले. पूर्वी अख्ख्या दिवसात नऊ व्हायचे, मधल्या चहांसकट. पण चोरासारखी पळाले.

रस्त्यावर ऊन होतं. बावीस वर्षांत कामाच्या दिवशी दुपारचा एकचा रस्ता मी पाहिलाच नव्हता. दुकानांच्या पायऱ्या धुवत होते, दोन म्हातारे बाकावर वर्तमानपत्राची पानं वाटून घेत होते. मला बरं वाटायला हवं होतं. मला लाज वाटत होती, आणि मग तू आठवलीस. तू तर उघड अर्ज केला होतास. तीनला निघेन, उरलेलं काम घरून करीन, असं स्वच्छ लिहून दिलं होतंस. तुझ्या अंगात ते बळ कुठून आलं होतं?

उत्तर दे. एक ओळ चालेल.

वन्सं

२१ फेब्रुवारी

वहिनी,

या वेळी एक ओळही आली नाही. दादा म्हणाला, "ती विचार करतेय, तू जरा गप्प बस." बसणारही होते. अर्ज माझी सही करून त्याच्याबरोबर पाठवला आहे, तो तुझ्या टेबलावर पडला असेल.

पण तू सही करायच्या आधी एक सांगायला हवं. नव्या मुलांना पहिल्या दिवशी तू काय शिकवायचीस? आजार सहीच्या आधी सांगितला तर हप्ता वाढतो, लपवला आणि नंतर सापडला तर करारच रद्द. ते ऐकून मी मान डोलवायचे. आज ते माझ्यावर आलं आहे.

तुझा अर्ज नामंजूर झाला तेव्हा मी घरी सगळ्यांना सांगितलं की नात्यातली म्हणून मी त्या समितीतून बाहेर राहिले. तुला, दादाला, आईला, सगळ्यांना. तू माझ्यावर रागावलीस ती एवढ्यासाठी, की मी बाहेर राहून मूग गिळून बसले, थोरल्या साहेबांकडे एक शब्दसुद्धा टाकला नाही. त्या दिवशी स्वयंपाकघरात तू म्हणालीस, "अहो, निदान बोलायचं तरी." मी म्हटलं, माझ्या हातात काही नव्हतं.

माझ्या हातात होतं. मी बाहेर राहिले नव्हते. आम्ही तिघं बसलो होतो, थोरले साहेब, तेव्हाच्या एचआरच्या बाई आणि मी. आपल्या प्रस्तावांसारखंच, एकाचं मत दुसऱ्याला दिसू नये म्हणून घडी घातलेल्या चिठ्ठ्या. एचआरच्या बाईंनी 'हो' लिहिलं होतं. साहेबांनी 'नाही'. तिसरी चिठ्ठी माझी. मी 'नाही' लिहिलं.

का लिहिलं, याची कारणं मी इतकी वर्षं स्वतःला आळीपाळीने सांगत आले. घरच्या माणसाला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये, हे पहिलं. ते अंगावर घालायला बरं दिसतं. दुसरं त्याच्या खालचं. मी कधी काही मागितलं नाही. आईच्या आजारपणात मी तिच्या खाटेशी बसून फायली वाचल्या, पण लवकर जाऊ का असं विचारलं नाही. मग हिने का मागावं, आणि हिला का मिळावं? आणि सगळ्यात तळाशी एक आहे, ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मला भीती वाटली. तू तीनला घरी जाऊन माझ्याएवढं, कदाचित माझ्याहून चांगलं काम केलं असतंस. मग मी जे बारा-बारा तास तिथे काढले, ते कशासाठी काढले, असा प्रश्न कोणीतरी विचारला असता. निदान मी तरी स्वतःला विचारला असता. तो टाळायला मी तुझी नोकरी घालवली.

एवढ्यावर भागलं नाही. तुझ्यानंतर तिघींनी तसेच अर्ज केले. तिघींच्या अर्जांवर तुझ्याच ठरावाचा क्रमांक टाकून नकार गेला. एकदा पायंडा पडला की कोणाला विचार करावा लागत नाही. त्यांतल्या दोघी सोडून गेल्या. तिसरी अजून आहे, सहाला धावत सुटते आणि वाटेत पाळणाघराला फोन करून पाच मिनिटांची भीक मागते. जिन्यात मी ते रोज ऐकलं आहे.

मला तुझी माफी हवी आहे. मागायचं तोंड मला नाही, तरी मागते. मला तू परत हवी आहेस, नुसत्या खुर्चीच्या दुसऱ्या अर्ध्या भागासाठी नाही. दर रविवारी दादा एकटाच येतो, तासभर बसतो आणि चप्पल घालताना म्हणतो, "बघू." त्या 'बघू'ला मी कंटाळले आहे.

आता हे कळल्यावर माझ्या नावाशेजारी सही करावीशी वाटत नसेल, तर करू नकोस. जिन्यातल्या त्या तिसरीशी मी बोलले आहे. तिला अर्धी जागा हवीच आहे, आणि ती चांगली वाचते. कोरा अर्ज सोबत जोडला आहे. तू तिच्याबरोबर भर. मी निवृत्तीचा कागद घेईन. हे मी तुला लाजवायला लिहीत नाही. तू ३१ मार्चच्या आत यायला हवीस, एवढंच मला नक्की माहीत आहे.

वन्सं

२४ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं पत्र वाचलं. मग ओटा घासला, मग परत वाचलं. ओटा आता चकचकीत आहे.

राग आला आहे. तुम्ही बोलला नाहीत म्हणून पाच वर्षं रागावले होते, आता कळलं की बोललात ते 'नाही' होतं. हा राग जाईल असं आत्ता तरी वाटत नाही. तो घेऊनच कामावर यायचं ठरवलं आहे. त्याला वेगळी खुर्ची लागणार नाही.

सही केली आहे, तुमच्याच नावाशेजारी. कोरा अर्ज मी त्या तिसरीला देणार आहे. तिला जोडीदार मिळवून द्यायचं काम तुमचं, माझी उरलीसुरली जागा तिच्या वाट्याला आली, असं नको.

प्रश्न त्या तिसरीचाच नाही. गेलेल्या दोघींनाही योजनेचं पत्र गेलं पाहिजे, आणि त्यांच्यापैकी कोणाचा अर्ज २८ तारखेच्या आत पोहोचला नाही तर तुम्ही भांडायचं. तुम्हाला भांडता येतं, मी पाहिलं आहे. समितीलाही स्वतःच्या हाताने लिहून द्या, की त्या ठरावात नात्यातलं माणूस बसलं होतं, म्हणून तो पुढे कोणालाही लावू नये. यात तुमची नाचक्की होईल. होऊ दे.

एक वाजता उठायचं. स्वेटर बरोबर घेऊन उठायचं. पहारेकऱ्याला 'घरी चालले' म्हणायचं. तुम्ही चोरासारख्या पळालात तर तुमच्या मागून त्या खुर्चीवर बसणारी मीही चोरच ठरेन.

आणि शेवटचं. मी एकला यायचं तर भुंगीची शाळा दीडला सुटते. तिला तुम्ही आणायचं, रोज, आणि साडेपाचपर्यंत ती तुमच्याकडे. तुम्ही सहीच्या आधी सांगितलंत, म्हणून करार रद्द करत नाही. हा जादा हप्ता समजा. त्यात सूट नाही, आणि उशीर तर अजिबात चालणार नाही. ती दारात उभी राहून रडत नाही, गुणगुणते, पण ते रडण्यापेक्षा वाईट असतं.

कोणी विचारलं तर मी म्हणेन की डब्यात मीठ मुद्दाम कमी घालत होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं.

वहिनी

२८ मार्च, सकाळी पावणेनऊ

वहिनी,

काल आपण दोघी एकच्या ठोक्याला टेबलाशी समोरासमोर आलो आणि सात मिनिटं नुसतं कामाचं बोललो. नवे साहेब काचेतून बघत होते. त्यांना वाटलं असेल, या बायकांची छान घडी बसली आहे. साडेपाचनंतर तू भुंगीला न्यायला आलीस तेव्हाही मला बोलता आलं नाही, म्हणून चार्जच्या वहीत हा कागद ठेवते आहे. आधी काम वाच, मग हा.

बासष्ट वर्षांच्या शिक्षिकेचा प्रस्ताव वरच ठेवला आहे. मला त्यात काही दिसत नाही, आणि काही दिसत नाही हेच खुपतं आहे. तू बघ. गेलेल्या दोघींपैकी एकीचं उत्तर आलं, मुलाखतीला येते म्हणाली. दुसरीचा अर्ज मुदतीनंतर चार दिवसांनी पोहोचला. तिच्यासाठी भांडण चालू आहे, आज दुपारपर्यंत साहेबांचा गोडवा संपेल असा अंदाज आहे. समितीने माझं पत्र वाचून दाखवलं. तो ठराव आता कोणाच्याही अर्जावर येणार नाही. जिन्यात काहीजणी माझ्याशी बोलत नाहीत. बरोबरच आहे.

आता शाळेचं. मी एक वीसला पोहोचले, दहा मिनिटं आधी. आईबापांच्या घोळक्यात मी एकटीच अशी होते जिला आपलं मूल ओळखता येणार नव्हतं. दादाने दाखवलेला फोटो मनाशी घोकत होते. पोरी रांगेने आल्या. एक गुणगुणत होती.

वर्गाच्या बाई मुलीला सोडेनात. म्हणाल्या, "तुम्हाला आधी कधी पाहिलं नाही." मी म्हटलं, मी आत्या. म्हणाल्या, "थांबा, परवानगीचा कागद बघते." त्या आत गेल्या आणि फाईल घेऊन आल्या. त्यात माझं नाव होतं, पत्ता होता, नातं लिहिलं होतं. तुझ्या लग्नातल्या फोटोतून मला तेवढी कापून चिकटवलं होतं, बाजूला तुझ्या शालूची कड राहिली आहे. खाली तुझी सही. सहीखाली तारीख.

मी तारखा वाचून पोट भरते, वहिनी. ती तारीख १७ फेब्रुवारी होती. चिठ्ठीबद्दलचं माझं पत्र २१ तारखेचं.

म्हणजे मी अजून काहीच सांगितलं नव्हतं. पकडली जाईन या भीतीने मी पेनाशी खेळत बसले होते, आणि तू तोवर शाळेत जाऊन तुझी लेक माझ्या नावावर करून आली होतीस. मग मला जादा हप्ता म्हणून जे लावलंस, ते काय होतं? तेव्हा तुला चिठ्ठीचं ठाऊक होतं की नव्हतं, हे मी कधीच विचारणार नाही. ठाऊक असून सही केली असलीस तरी मला ते पेलणार नाही, आणि ठाऊक नसताना केली असलीस तरी नाही.

मला रडू आलं. तिथेच, फाटकात, सगळ्या आईबापांसमोर, नाक पुसायला रुमालसुद्धा सापडेना. भुंगीने गुणगुणणं थांबवलं आणि माझ्याकडे नीट बघून घेतलं. मग बाईंना विचारलं, "हिला न्यायला कोणीच आलं नाही का?"

भुंगीने स्वतःचं दप्तर खांद्यावर नीट केलं, माझं बोट धरलं आणि म्हणाली, "चल. मी नेते तुला."